बर्फावर घसरायला जाताय? मग नेमकं कशाकशाला घाबरायचं ते आधी ठरवून घ्या

डिसेंबर लागला की आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर कोणीतरी गुलमर्गचा फोटो टाकतं आणि पुढचे चार दिवस दुसरा विषय नसतो. तारखा, रजा, विमानाचे रेट, आणि मग एखाद्याची आई विचारते, अरे ते बर्फाचे कडे कोसळतात ना तिकडे? सगळे हसतात. खरं तर प्रश्न बरोबर असतो, फक्त चुकीच्या माणसाला विचारलेला असतो. पहिल्यांदा स्की शिकायला गेलेला माणूस हिमस्खलनात सापडायची शक्यता फार कमी, तो गुडघा पिरगाळून, डोकं आपटून, डोळे भाजून नाहीतर हॉटेलच्या बंद खोलीतल्या शेगडीने आडवा होतो. आणि ज्याचे तीन-चार सीझन झालेत, ज्याची भीड चेपलीय, त्याला मात्र आईचा तो प्रश्न रोज सकाळी कोणीतरी विचारायला हवा.

मी गुलमर्गचंच उदाहरण घेतो कारण आपल्याकडची बरीच मंडळी तिथंच जातात आणि मीही तिथंच शिकलो, म्हणजे आधी पडायला शिकलो. औली-सोलांगवाल्यांनाही यातलं बरंचसं लागू होईल.

सुरुवात उंचीपासून. श्रीनगर साधारण १६०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याच्या आसपास. गुलमर्ग २६५० च्या जवळ, तिथून गंडोलाचा, म्हणजे केबलवरून जाणाऱ्या पाळण्याचा, पहिला टप्पा कोंगडोरीला तीन हजारांच्या वर नेतो आणि दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३९५० मीटरला सोडतो. आता हिशोब करा, काल सकाळी तुम्ही ठाण्यात चहा पीत होता आणि आज दुपारी चार हजार मीटरला उभे आहात, जिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास आहे, आणि गुलमर्गवरून तिथवर यायला पाळण्यात पुरता अर्धा तासही बसला नाहीत. चालत चढला असतात तर शरीराला सवय व्हायला दिवस मिळाले असते. साधारण २५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं, जेवण नको वाटणं हे कोणालाही होऊ शकतं आणि त्याचा फिटनेसशी फारसा संबंध नाही, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढणारा गडी डोकं धरून बसतो आणि त्याचे पोट सुटलेले काका मस्त फिरत असतात, असं मी बघितलंय. म्हणून पहिली रात्र श्रीनगरला, दुसरी गुलमर्गला, आणि वरचा टप्पा तिसऱ्या-चौथ्या दिवशी. डोकं दुखत असेल तर वर जायचं नाही. दारू प्यायल्यासारखी चाल झाली किंवा नुसतं बसूनही धाप लागायला लागली तर मात्र वाट बघत बसू नका, लगेच खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा.

गंडोलाबद्दल एकच. वारा जास्त असला की दुसरा टप्पा बंद ठेवतात आणि आपले लोक काउंटरवर भांडतात की एवढ्या लांबून आलोय. २५ जून २०१७ ला जोराच्या वाऱ्याने झाड उन्मळून केबलवर पडलं, पाळणा खाली कोसळला आणि ७ माणसं गेली. बंद म्हणाले तर बंद.

आता उतारावर या. शिकायचा उतार दिसायला अगदी किरकोळ असतो, आपल्या सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प जरा लांबट केला तर दिसेल तसा, म्हणून लोकांना वाटतं की हेल्मेट कशाला. नताशा रिचर्डसन ही ब्रिटिश अभिनेत्री मार्च २००९ मध्ये कॅनडात माँ-त्राँब्लाँला अशाच शिकाऊ उतारावर, शिकवणी चालू असताना पडली. हेल्मेट नव्हतं. उठली, बरी आहे म्हणाली, मदतही नको म्हणाली, नंतर डोकं दुखायला लागलं आणि दोन दिवसांत गेली. होतं काय तर कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये एखादी रक्तवाहिनी फुटते, रक्त हळूहळू साचतं, आणि जागा भरेपर्यंत माणूस व्यवस्थित बोलत-चालत असतो. त्यामुळे डोकं आपटलेला माणूस "मी ठीक आहे" म्हणाला तरी त्याचं ऐकायचं नाही. त्याला एकटं सोडायचं नाही, खोलीवर झोपायला पाठवायचं नाही, आणि डोकेदुखी वाढली, उलटी झाली, बरळायला लागला की सरळ हॉस्पिटल. तसंच हेल्मेट घातलं म्हणजे चिलखत घातलं असंही समजू नका, मोटार-शर्यतींचा जगज्जेता मायकेल शूमाकर २९ डिसेंबर २०१३ ला फ्रान्समध्ये मेरिबेलला आखलेल्या वाटेच्या बाहेर गेला, खडकावर डोकं आपटलं, हेल्मेट होतं तरी मेंदूला जबर इजा झाली. हेल्मेटशिवाय वाचला नसता असंच तेव्हा डॉक्टर म्हणाले होते.

डोक्यापेक्षा जास्त वेळा जातो तो गुडघा. स्की म्हणजे तुमच्या पायाला बांधलेली दीड-पावणेदोन मीटरची पहार समजा. पहारेने मोठा धोंडा हलतो कारण तरफ लांब असते, इथं तीच तरफ तुमच्या गुडघ्याला पिळते आणि आतला एसीएल नावाचा दोरखंडासारखा बंध तुटतो. हे होऊ नये म्हणून बूट आणि स्कीच्या मध्ये एक खटका असतो, त्याला बाइंडिंग म्हणतात, ठरावीक जोर पडला की तो सुटतो आणि स्की पायातून निघून जाते. हा जोर किती ते एका आकड्याने सेट करतात, आणि तो आकडा तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही किती तयारीचे आहात यावरून ठरतो. मी पहिल्यांदा भाड्याने सामान घेतलं तेव्हा दुकानातल्या माणसाने मला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं, स्क्रू ड्रायव्हर दोनदा फिरवला आणि झालं. वजन विचारलंच नाही! तिसऱ्या दिवशी मी ज्या पद्धतीने पडलो त्यात स्की सुटायला हवी होती, सुटली नाही, नशीब की गुडघा नुसता सुजला. तेव्हा तुम्ही स्वतः वजन-उंची सांगा आणि आकडा बदलून घ्या, आणि नवखे असाल तर नवखे म्हणून सांगा, तिथं शायनिंग मारायची नाही.

पडायचं कसं हेही शिकायची गोष्ट आहे. तोल जातोय असं वाटलं की माणूस आपोआप मागे बसायला बघतो आणि गुडघ्यासाठी नेमकं तेच वाईट. बाजूला पडायचं, हात पुढे ठेवायचे, आणि घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायची घाई करायची नाही. घसाऱ्यावरून उतरताना आपण ढुंगण टेकवत टेकवत येतो ती सह्याद्रीची सवय इथं विसरा. काठीचा पट्टा मनगटात अडकवलेला असेल आणि तुम्ही पडलात तर अंगठा उलटा वळतो, या दुखण्याला डॉक्टर लोकांनी स्कीवाल्यांचा अंगठा असं नावच दिलंय. स्नोबोर्डवाले मनगट मोडून घेतात, कारण दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले आणि आधाराला राहतात फक्त हात, त्यांनी मनगटाचे गार्ड घालावेत.

आणि रस्त्याचा नियम. आंतरराष्ट्रीय स्की फेडरेशनचे दहा नियम १९६७ पासून आहेत, त्यातला आपल्या लोकांना सगळ्यात जड जाणारा हा की पुढचा, म्हणजे खालचा माणूस नेहमी बरोबर असतो. आपल्याकडे मागचा हॉर्न मारतो आणि पुढच्याने बाजूला व्हायचं असतं, इथं सांभाळायची जबाबदारी पूर्ण मागच्याची, कारण पुढच्याच्या पाठीला डोळे नाहीत. थांबायचं असेल तर कडेला, उंचवट्याच्या मागे दडलेल्या जागी कधीच नाही. हे नियम आल्प्समध्ये लोक पाळतात, गुलमर्गच्या शिकाऊ उतारावर मात्र स्लेज ओढणारे, फोटो काढणारी नवीन जोडपी, बर्फाचा माणूस करणारी पोरं आणि कुत्री हे सगळं एकाच वेळी असतं, म्हणून थांबता येईपर्यंत वेग वाढवायचा नाही, बस. थकल्यावर "एक शेवटची राउंड" हीसुद्धा टाळा, पाय थरथरत असताना माणूस नको तसा पडतो.

थंडीचं फार सांगत नाही, स्वेटर-टोपी आपल्याला कळते. फक्त सुती कपडा अंगाला लागून नको आणि जीन्स तर नकोच, कॉटन घाम पितं, ओलं राहतं आणि ओला कपडा अंगातली उष्णता भराभर काढून घेतो. आत थर्मल, मध्ये फ्लीस किंवा लोकर, बाहेर वारा-पाणी अडवणारं जॅकेट, आणि घाम यायच्या आधीच एक थर काढायचा. सोबतचा माणूस अडखळायला लागला, शब्द जड झाले, चेन लावता येईना, तर तो दमलेला नाही, तो गारठलाय, त्याला आत न्या, कोरडं करा, शुद्धीवर नीट असेल तर गरम-गोड काहीतरी पाजा. रम नाही. रमने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंद होतात, ऊब वाटते आणि उलट आतली उष्णता बाहेर जाते. बोटं पांढरी-बधिर पडली तर बर्फाने चोळायची नाहीत, हा उपाय अजूनही लोक छातीठोकपणे सांगतात, त्याने कातडी आणखी फाटते.

उन्हाचं मात्र कोणी मनावर घेत नाही. हजार मीटर चढलं की अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो, म्हणजे ऊन खालूनही लागतं, नाकपुड्यांच्या खाली आणि हनुवटीखाली भाजलेली माणसं मी बघितलीत. सनस्क्रीन तिथंही लावा. गॉगल काढून फिरलात तर तेव्हा काहीच होत नाही, काही तासांनी, बऱ्याचदा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि पाणी थांबत नाही. ढग आहेत म्हणून गॉगल काढायचा नाही, ढगातूनही किरणं येतातच.

आणि मग रात्रीची खोली. लाकडं जाळायची बुखारी, म्हणजे तिकडची शेगडी, जिला धुराडं आहे आणि ते नीट आहे, ती ठीक. पण खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी किंवा धुराडं नसलेला गॅसचा हीटर लावून झोपणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, त्याला रंग नाही वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरच्या बातम्या आपल्याकडे येतात ना, तोच हा वायू. यात फसवी गोष्ट अशी की त्याची लक्षणंही डोकेदुखी आणि मळमळ, म्हणजे उंचीच्या त्रासासारखीच, त्यामुळे लोक गोळी घेऊन त्याच खोलीत परत झोपतात. खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर सगळ्यांनी आधी बाहेर मोकळ्या हवेत या, कारण नंतर शोधा.

हे झालं नवख्यांचं. आता आईचा प्रश्न.

हिमस्खलन म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते वरून अचानक दरड आल्यासारखं, आपण बिचारे खाली उभे. तसंही होतं. पण जीव घेणाऱ्या हिमस्खलनांपैकी सुमारे ९० टक्के वेळा ते सुरू करणारा स्वतः सापडलेला माणूस किंवा त्याच्याच ग्रुपमधला कोणीतरी असतो. हे कसं ते घरात करून बघा. एक ताट घ्या, त्यात रवा पसरा, रव्यावर एक जाड पुस्तक ठेवा आणि ताट हळूहळू तिरकं करा. एका कोनाला पुस्तक अख्खंच्या अख्खं सरकतं. रवा काढून तेच करा, पुस्तक बराच वेळ टिकतं. डोंगरावरचा बर्फ म्हणजे एकजीव ढीग नसतो, प्रत्येक बर्फवृष्टीचा वेगळा थर असतो, लादी पावाच्या लाद्या एकावर एक रचाव्यात तसा. निरभ्र, कडाक्याच्या रात्री बर्फाचा वरचा भाग खूप थंड असतो आणि जमिनीलगतचा त्यामानाने उबदार, त्या फरकामुळे आतली वाफ वर सरकते आणि बारीक कणांचे मोठे, कोनेदार दाणे होतात, न भिजवलेल्या साबुदाण्यासारखे, मुठीत दाबले तरी गोळा होत नाही. हा झाला रवा. त्यावर पुढच्या वादळात नवीन बर्फ पडतो, वारा त्याला चेपून घट्ट लादी करतो. हे झालं पुस्तक. ते तिथं आठवडे टिकतं, आणि मग तुम्ही येता सत्तर-ऐंशी किलोचे, उडी मारत, खालचा साबुदाणा एका ठिकाणी चुरतो, ती भेग लादीखालून पळत जाते आणि अख्खा उतार तुमच्यासकट निघतो.

कोन महत्त्वाचा. बहुतेक लादी-स्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्यापेक्षा सपाट असेल तर सहसा सरकत नाही, फारच उभा असेल तर बर्फ साठतच नाही, थोडाथोडा गळत राहतो. आपल्या बिल्डिंगचा जिना साधारण ३० अंशांच्या आसपास असतो, म्हणजे जिन्याइतका किंवा त्याहून उभा उतार दिसला की डोक्यात घंटा वाजायला हवी. वाईट हे की स्की करायला सगळ्यात मजा याच कोनात येते! मोबाइलमध्ये उतार मोजायची सोय असते, तिचा वापर करा. आणि आपण सपाटीवर आहोत म्हणून निर्धास्त राहू नका, डोक्यावर तसा उतार असेल तर सुटलेला बर्फ सपाटीवरच येऊन थांबतो, केदारकंठासारखे बर्फातले ट्रेक करणाऱ्यांनी हे खास लक्षात घ्यावं.

धोका वाढलाय हे डोंगर सांगतो, ऐकलं तर. शेजारच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं, पायाखाली ढप्प असा पोकळ आवाज आला, स्कीच्या टोकापासून भेगा पळाल्या, यातलं एकही झालं तर चर्चा नाही, मागे फिरायचं. जोराच्या बर्फवृष्टीनंतरचे एक-दोन दिवस वाईट, एकदम ऊन तापलं किंवा पाऊस पडला तरी वाईट. वाऱ्याचं जरा फसवं असतं, आकाश निळं असतं आणि वारा धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या, आडोशाच्या बाजूला ओतत असतो, म्हणजे बर्फ न पडताही तिथं लादी जाड होत असते. आणि समोर दोघांच्या स्कीच्या रेघा दिसतायत म्हणून उतार पक्का आहे असं अजिबात नाही, कमजोर जागा त्यांच्या रेघेखाली नव्हती एवढंच त्यातून कळतं.

गुलमर्गमध्ये गंडोलाच्या आजूबाजूचा ठरावीक भाग स्की पेट्रोल, म्हणजे तिथलं सुरक्षा पथक, सांभाळतं, त्यापलीकडे मोकळा डोंगर. ८ फेब्रुवारी २०१० ला तिथल्या लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान हिमस्खलनात गेले, बर्फातच काम करायचं शिकणारी माणसं होती ती. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या हापतखुद भागात पोलंडचे दोन स्कीअर गेले, १९ जणांना वाचवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये खिलनमर्गला एक रशियन गेला. तेव्हा फक्त अडाण्यांनाच होतं असं मानू नका, थोडंफार येणाऱ्यांना तर जास्तच मोह होतो कारण काल तर गेलो होतो, काही झालं नाही, आणि उद्याचं विमान आहे.

गाडला गेला तर? पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले नऊच्या आसपास जगतात. पस्तीस मिनिटांपर्यंत हा आकडा तीनातल्या एकाच्या आसपास येतो. एवढ्या वेळात हेलिकॉप्टर येत नाही, म्हणजे वाचवणार ते तुमचे सोबतीच, तेही त्यांच्याकडे सामान असेल तर. सामान तीन, एक ट्रान्सीव्हर, तो अंगावर बांधलेला असतो आणि ४५७ किलोहर्ट्झवर सतत सिग्नल सोडतो, कोणत्याही कंपनीचा असला तरी लहरी एकच, शोधताना तोच रिसीव्हर होतो. दुसरी घडीची लांब सळई, नेमकी जागा टोचून बघायला. तिसरं धातूचं फावडं, कारण थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसतो आणि हाताने उकरता येत नाही. थुंकी कुठल्या दिशेने ओघळते त्यावरून वर-खाली कळतं वगैरे ज्ञान खरंय हो, पण बोटही हलत नसताना ते कळून करणार काय? त्यापेक्षा सुटताक्षणी ओरडा, बाजूला निसटायचा प्रयत्न करा, आणि थांबायच्या आत हात तोंडासमोर आणून श्वासाला पोकळी करा. मोबाइल ट्रान्सीव्हरपासून लांब ठेवा, सिग्नलमध्ये घोळ होतो. आणि हे सगळं आधी कधी वापरलेलं नसेल तर ऐनवेळी वापरता येत नाही, आम्ही पुण्यात टेकडीवर एक ट्रान्सीव्हर प्लास्टिकच्या पिशवीत पालापाचोळ्याखाली लपवून शोधायची प्रॅक्टिस केली, पहिल्यांदा मला अकरा मिनिटं लागली आणि टेकडीवर फिरायला आलेले आजोबा विचारत होते, काय हरवलंय.

उतार ओलांडताना एकेकाने जायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर डोळा ठेवायचा, म्हणजे एकच जण सापडतो आणि शोधायला बाकीचे उरतात. देवदारांच्या झाडीत जात असाल तर भरपूर बर्फ पडल्यावर बुंध्याभोवती फांद्यांखाली पोकळ विहीर होते, त्यात माणूस डोक्यावर पडला तर स्वतःहून निघत नाही, तिथंही जोडीदार नजरेआड नको. सकाळी हिमस्खलनाचं बुलेटिन बघायचं, डीआरडीओची डीजीआरई ही संस्था डोंगरी भागांसाठी इशारे देते, आणि त्यात धोक्याची मधली पातळी दिसली म्हणून हायसं वाटून घ्यायचं नाही, लोक बाहेर पडतात ते मधल्या पातळीलाच. विम्याची पॉलिसी काढलीत तर आखलेल्या वाटेबाहेरचं स्की त्यात आहे का ते वाचा, बऱ्याचदा नसतं.

आणि स्थानिक गाइड घ्या. गेल्या वेळी आमचा गाइड सकाळी वर बघून म्हणाला, आज नहीं. निळंशार आकाश, आदल्या दिवशीचा गुडघाभर ताजा बर्फ, आमच्यातल्या एकाने डबल पैसे देऊ केले, तो नाहीच म्हणाला. दिवसभर हॉटेलात बसून नून चाय प्यायलो, खारा चहा मला अजून जमत नाही. त्या दिवशी डोंगरावर काहीही कोसळलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि तो मित्र अजून दर डिसेंबरला ग्रुपवर मला टोमणा मारतो की तुझ्या त्या गाइडने आपला एक दिवस खाल्ला.